रिकाम्या घागरींची सायकल

माझ्या नातीला सायकल घ्यायची आहे. साधी नाही, डोंगरात चालवतात ती, रुंद टायरांची आणि गिअरची. परवा मोबाइलवर चार-पाच चित्रं दाखवत म्हणाली, "आबा, यातली कुठली घेऊ? मला दोन वर्षांत टाकून द्यायची नाहीये. एकदाच घ्यायची आणि मग हळूहळू एकेक पार्ट भारीतला टाकत जायचा."

मुरुमच्या बाजारात मी पस्तीस वर्षं सायकली खोलल्या आणि जोडल्या, पण इतका शहाणा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. बाकीचे घंटी वाजवून बघायचे, मडगार्डवरून हात फिरवायचे आणि रंगावर भाळायचे. मी नातीला म्हटलं, "सांगाडा बघ. बाकी सगळं बदलता येतं."

"सांगाडा चांगला आहे हे कसं ओळखायचं?"

"पान्याने ठोकून आवाज ऐकायचा, दोरा लावून सरळ आहे का बघायचा. आणि आधी कुणाचा होता ते विचारायचं."

ती हसली. "आबा, मी नवी घेतेय!"

मी हसलो नाही. तिला वाटलं, म्हाताऱ्याला ऐकू आलं नाही. दिवाळी अंकासाठी धंद्यातल्या आठवणी लिहा असा आग्रह गेली दोन वर्षं चालला आहे आणि मी टाळत आलो, कारण आठवणी म्हटलं की मला एकच सायकल आठवते. ती आज लिहून टाकतो.

आधी धंद्याबद्दल थोडं. नव्या धम्मात आल्यावर माझ्या वडिलांनी घरात दोन गोष्टी बंद केल्या. एक, गावकीची कामं. दुसरी, अंगारे-धुपारे. मला त्यांनी सोलापूरला एका उस्तादाच्या हाताखाली घातलं. उस्ताद बोलायचे कमी आणि ऐकायचे जास्त, माणसाचं नाही, सायकलीचं. पान्याने नळीवर टिचकी मारायचे. निरोगी नळी टण्ण वाजते आणि आवाज जरा वेळ रेंगाळतो. कुठे चीर असेल तर भद्द असा आवाज येतो, मडकं फुटकं असल्यासारखा. मग मागच्या चाकाच्या खाचेला दोरा बांधून तो पुढून हँडलच्या नळीला वळसा घालून परत मागे दुसऱ्या खाचेला आणायचा. सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर सारखं भरलं तर सांगाडा सरळ. बोटभर फरक पडला तर ती सायकल जन्मभर एका बाजूला ओढणार.

उस्तादांनी आणखी एक शिकवलं, की सायकल माणसाची खूण धरते. पायडल कुठल्या बाजूने झिजलं, सीट कुठे कलली, कुठला ब्रेक कोरा राहिला, यावरून माणूस सांगता येतो. आमच्याकडे एक मास्तर यायचे. त्यांचे दोन्ही ब्रेक वर्षानुवर्षं कोरे करकरीत. मी म्हटलं, "गुरुजी, तुमच्या उजव्या चपलेचा तळ फाटलाय." ते दचकले. पाय घासत सायकल थांबवणारा माणूस दुसरं काय फाडणार? पण तेव्हापासून ते माझ्याकडे जरा भिऊनच बघायचे.

आणि शेवटचा नियम. हा मात्र उस्ताद बजावून सांगायचे. "मरे सो आदमी की सायकल घरवाल्यां के सामने खोलना. छुपाको नको खोल. छुपाको खोल्या तो उसका बोझ तेरे सर पे." म्हणजे मेलेल्या माणसाची सायकल दुकानात आली तर घरच्यांना समोर बसवून खोलायची, एकेक भाग त्यांना दाखवायचा. काय मोडलं होतं, काय शाबूत होतं, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं म्हणजे त्यांच्या मनातलं मिटतं आणि मिस्त्रीच्याही मनातलं मिटतं. मला तेव्हा हा नियम म्हणजे म्हाताऱ्याचं खूळ वाटलं होतं.

बहात्तरचा दुष्काळ आमच्या भागाने जसा बघितला तसा कुणी बघू नये. मुरुमपासून आठ मैलांवरच्या गावापर्यंत दुष्काळी कामाचा रस्ता चालला होता. खडी फोडायला गावंच्या गावं यायची. त्या कामावर किसन नावाचा एक शेतकरी होता. थोडी कोरडवाहू जमीन, तिशीचं वय, अंगाने काटकुळा, पण हसरा. गाव मुरुमपासून सहा मैलांवर. सायकलीच्या कॅरिअरला दोन बाजूंना दोन घागरी बांधून तो कामावर यायचा आणि काम सुटलं की वाटेत डाव्या हाताला एक विहीर होती तिथून त्या भरून घरी न्यायचा. चार गावांत तेवढ्या एका विहिरीला पाणी होतं. कठडा नव्हता, कडेला एक कडुनिंब.

एके दिवशी तो सायकल घेऊन दुकानात आला. म्हणाला, "मिस्त्री, पुडचं चाक डुगडुगतंय बगा."

मी बघितलं. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला वरच्या जोडाजवळ केसाएवढी चीर होती. चिमट्याला पितळ वितळवून डाग द्यायचा नाही, तो बदलायचाच, हा धंद्यातला पहिला पाठ. तिथून तो तुटला तर माणूस तोंडावर पडतो. पण नवा चिमटा सोलापूरहून यायचा होता.

मी म्हटलं, "आठ दिवस ठेवून जा."

किसन म्हणाला, "आठ दिस? घरात घोटभर पानी न्हाय, मिस्त्री. घागरी काय डोक्यावर आनू? कायतरी करा की."

मी पितळेचा डाग दिला. कानशीने साफ केला, वरून काळा रंगही लावला. तो म्हणाला, "चालंल न्हवं?"

मी म्हटलं, "चालंल."

सहाव्या दिवशी बाजारात बातमी आली. किसन त्या विहिरीत पडून मेला.

कसा, कुणी बघितलं नव्हतं. भर दुपारची वेळ. कुणी म्हणालं, सायकलसकट काठावर घसरला. कुणी म्हणालं, सायकल काठावरच सापडली. मी कुणाला काही विचारलं नाही. पाना हातात घेऊन तसाच बसून राहिलो. माझ्या डोक्यात एकच चित्र होतं, पितळेचा डाग उकललाय, चिमटा वाकलाय आणि किसन हँडलवरून पुढे फेकला गेलाय. त्या चित्रापायी मला कितीतरी दिवस भाकरी गोड लागली नाही.

पंधरा दिवसांनी त्याची बायको दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहिली. सोनाबाई तिचं नाव. सहा मैल सायकल हाताने ढकलत आणली होती. म्हणाली, "घिऊन टाका ही. आमच्यात आता कोन बसनार?"

उस्तादांचा नियम मला आठवला. तिला बसा म्हणायचं, पाणी द्यायचं, तिच्यासमोर सायकल खोलायची. पण समोर खोलली आणि चिमटा उकललेला निघाला तर? ती बाई माझ्याकडे बघेल आणि मी तिला काय सांगू? मी सायकल ठेवून घेतली, तिला निरोप दिला. ती वळणावर दिसेनाशी झाल्यावर सायकल दुकानामागे नेली. हँडल काढलं, तोंड फिरवलं आणि चिमटा न बघता उपसून भंगाराच्या ढिगावर टाकला. दुसऱ्याच दिवशी भंगारवाला तो घेऊन गेला.

मग मी पायडलचा एक्सल खोलला. ती सांगाड्याची सगळ्यात खालची जागा. तिच्या तोंडाशी असते ती लोखंडी कटोरी फिरवली आणि बोटांना गार लागलं. आतून ओंजळभर पाणी बाहेर आलं. स्वच्छ पाणी, गंजाचा लालपणाही नाही.

सांगाड्यात पाणी साचतं हे खरं आहे. पावसात सीटच्या नळीतून झिरपत ते खाली उतरतं. पण पाऊस पडून तेव्हा दहा महिने झाले होते आणि आमच्या गल्लीत प्यायला पाणी नव्हतं. मला एवढी भीती वाटली की मी ते पाणी मातीत ओतून दिलं. मातीने ते लगेच पिऊन टाकलं.

पुढच्या पावसाळ्यानंतर हळूहळू माणसं सावरली. मुरुममध्ये सहकारी दूध संकलन सुरू झालं. ज्यांच्या दावणीला एखादी म्हैस वाचली होती ते सकाळी दूध घेऊन यायला लागले. त्यातले एक बसलिंगआप्पा. तो दुष्काळी रस्ता जिथे संपतो त्या गावचे, साठीला टेकलेले, कपाळावर भस्म, बोलण्यात मधूनच कानडी. ते माझ्याकडे सायकल निवडायला आले आणि तीन दिवस निवडतच राहिले.

"नवी नको री, मिस्त्री. नवीचा रंगच मोठा. मला अशी द्या की मी मेल्यावर पोरगा चालवंल. मोडंल तसं बदलीन, पण सांगाडा बदलनार न्हाय."

दुकानात सहा जुने सांगाडे टांगलेले होते. मी त्यांना ठोकायला शिकवलं. आप्पांनी पाना घेऊन एकेक वाजवला आणि डोळे मिटून ऐकला. पाचव्यावर त्यांचा हात थांबला. "ह्ये बगा! देवळातली घंटा हाय जनू."

तो किसनचा होता. खरंच, सगळ्यात चांगला सांगाडा तोच होता. डबल दांडीचा, जाड नळ्यांचा, दोऱ्याला गव्हाएवढाही फरक नाही. आप्पांनी विचारलं, "कुनाचा हाय?"

मी म्हटलं, "आला होता असाच कुठून तरी."

त्यांच्यासाठी मी तो मन लावून बांधला. दूधवाल्याचा नवा भारी चिमटा घातला, त्याला पुढून आधाराच्या दोन कांब्या दिल्या. मागच्या चाकाला जाड तारा ओवल्या. लोहाराकडून पट्टीचं कॅरिअर करून घेतलं, त्याच्या दोन्ही अंगांना कॅन अडकवायच्या कड्या लावल्या. असली सायकल डोंगरही चढली असती.

महिन्याभराने आप्पा आले. "मिस्त्री, सायकल डावीकडं वढतीय."

मी दोरा लावला. सरळ. चाकं फिरवली, कुठेही आउट नाही. म्हटलं, "आप्पा, हात सोडून चालवता की काय?"

ते हसले नाहीत. म्हणाले, "सगळीकडं न्हाय वढत. एकाच जाग्याला वढती. आन तेबी मुरुमाकडं येताना न्हाय, गावाकडं जाताना. भरल्या कॅननं सरळ येती री. कॅन रिकामं झालं की त्या इहिरीपाशी वळती."

माझे हात तेलात होते ते तसेच राहिले.

मी म्हटलं, "रस्त्याला उतार असेल." खरं तर त्या रस्त्याला तिथे उतार नव्हता. मी काय करू शकत होतो? दुसऱ्या कुणी नारळ फोडला असता, लिंबू उतरवून टाकलं असतं. आमच्या घरात ते बंद झालेलं आणि मलाही त्यात राम वाटत नव्हता. मला येत होतं ते एकच, भाग बदलणं. मी हँडल बदललं. दोन महिन्यांनी आप्पा परत. पुढची रिम बदलली, परत. हब, छर्रे, मागचं चाक, सगळं एकापाठोपाठ एक. दर वेळी मी आधीच्यापेक्षा भारीतला माल घालायचो आणि नुसत्या ओव्हरऑइलचे, म्हणजे साफसफाई-तेलपाण्याचे पैसे घ्यायचो. बाजारात लोक म्हणायला लागले की आप्पा मिस्त्रीचे जावई झालेत.

आप्पांसाठी कोरी घातलेली सीट एकदा बदलायला काढली आणि उलटून बघितली. आप्पा उजवीकडे कलून बसायचे, गुडघा धरला होता त्यांचा. सीट झिजली होती डावीकडून. किसन डावीकडे कलून बसायचा.

शेवटी मी ठरवलं की आपणच चालवून बघू. आप्पांना दुकानात चहा देऊन बसवलं आणि रिकामे कॅन तसेच ठेवून निघालो. चैत्राचं ऊन. बारा वाजून गेले असतील. रस्त्यावर चिटपाखरू नाही, आपली सावली चाकाखाली गोळा झालेली. कॅनची झाकणं कडकड वाजत होती. लांबून तो कडुनिंब दिसला आणि झाकणांचा आवाज बंद झाला. रस्ता तोच, खडी तीच, आवाज मात्र नाही. मी दोन्ही हातांनी हँडल आवळून धरलं. धक्का बसला नाही, हिसका नाही. म्हैस दावणीकडे वळते तशी ती सायकल मुकाट्याने डावीकडे वळायला लागली. मी सगळा जोर लावून तिला सरळ धरलं.  मी विहिरीकडे बघितलं नाही. तिथून शेंदायचा दोर कधीच गेला होता, किसननंतर त्या विहिरीचं पाणी कुणी भरत नव्हतं. पण मला पाण्यात घागर बुडाल्याचा आवाज आला. डुबुक. एकदाच.

विहीर मागे पडली आणि झाकणं पुन्हा वाजायला लागली.

परत आलो तेव्हा अंगातला सदरा पिळून काढण्यासारखा झाला होता. आप्पा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "मिस्त्री, तुमास्नी ठावं हाय. सांगा. म्या रागवनार न्हाय."

माझ्या बोलण्याची हीच वेळ होती. मी म्हटलं, "एक्सल बदलू या."

एक्सल खोलला आणि पुन्हा ओंजळभर गार पाणी निघालं. आप्पांनीही ते बघितलं. त्यांनी वाकून नमस्कार केला, कुणाला ते मला कळलं नाही. म्हणाले, "सांगाडा लई चांगला हाय. पर ह्याचं काम कायतरी ऱ्हायलंय. म्या म्हातारा मानूस, मला जमनार न्हाय." सायकल ठेवून ते चालत गावी गेले. पुढे दूध गोळा करायला गावातच गाडी यायला लागली आणि त्यांना सायकल लागलीही नाही. त्या सज्जन माणसाला मी खोटं सांगितलं, याची टोचणी आजही जात नाही.

सायकल मी दुकानात आढ्याला टांगली. कुणी मागितली तर विकायची नाही म्हणायचो. मला विचाराल तर ती सायकल नव्हतीच, माझाच 'चालंल' शब्द तिथे टांगलेला होता. दहा-बारा वर्षं गेली. मी दुसऱ्यांच्या सायकली बघून त्यांची चप्पल कुठे फाटली ते सांगत होतो आणि डोक्यावर लटकणाऱ्या सायकलीकडे मान वर करून बघत नव्हतो.

ऐंशीनंतर पुन्हा पावसाने दगा दिला. पुन्हा रिकाम्या घागरींच्या रांगा लागल्या. एका बाजाराच्या दिवशी सकाळी एक बाई दोन नव्या घागरी काखेत घेऊन दुकानाच्या पायरीशी थांबली. केस पांढरे झालेले, पण मी ओळखलं. सोनाबाई आढ्याकडे बघत होती.

"ही आमची न्हवं?"

"तुमचीच."

"मला वाटलं, कवाच इकली आसंल."

या वेळी मी म्हटलं, "बसा, सोनाबाई." तिला पाणी दिलं. सायकल खाली उतरवली, तिच्यासमोर गोणपाट अंथरलं आणि खोलायला बसलो. तिने कशासाठी विचारलं नाही. मी एकेक भाग काढून तिच्यापुढे ठेवत गेलो आणि सांगत गेलो. हे हँडल नवं, ही चाकं नवी, हा चिमटा नवा. तुमचा आता फक्त सांगाडा राहिलाय. आणि मग जे बारा वर्षांपूर्वी सांगायचं होतं ते सांगितलं. चिमट्याला चीर होती, मी डाग दिला, चालंल म्हणालो. "तुमच्या मालकाचा जीव माझ्या डागाने घेतला, सोनाबाई. आणि मी तो चिमटा न बघताच भंगारात टाकला."

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मिस्त्री, तुमी येडं हाय का?"

मी मान वर केली.

"तुटल्याल्या चिमट्याची सायकल म्या सहा मैल ढकलत आनली आसती व्हय? आन तेराव्यापतूर म्या ह्याच सायकलीवर नाल्याच्या झऱ्याचं पानी आनलं. दोन-दोन घागरी. तुमचा डाग चांगला व्हता."

दुकानाबाहेर बाजार चालला होता. मला काहीच ऐकू येत नव्हतं. सायकल कुणाच्या खांद्यावरून नव्हे, स्वतःच्या दोन चाकांवर माझ्या दारात आली होती. आंधळ्यालाही कळलं असतं. मी, चपलेचा तळ ओळखणारा मिस्त्री, मला ते बारा वर्षं दिसलं नाही.

"मग किसन..."

"सायकल निंबाला टेकून हुबी व्हती. कुलूप लावल्याली. घागरीबी काठावर, दोनी रिकाम्या. दोन दिस पोटात काय न्हवतं त्येंच्या. भाकर पोरास्नी ठिवायचे. वाकलं आसतील पान्यावर, आली आसंल चक्कर." तिने पदराने डोळे टिपले नाहीत, फक्त सांगाड्यावर हात ठेवला. "तुमी तवाच इचारलं आसतं तर सांगितलं आसतं की."

मला रडू फुटलं. बाजारात, गिऱ्हाइकांसमोर, बाईमाणसापुढे. मी लपवलं नाही.

मग एक्सलची कटोरी राहिली होती ती फिरवली. मला माहीत होतं काय होणार. सोनाबाईने काही न विचारता आपली नवी घागर खाली धरली. पाणी आत पडल्याचा आवाज झाला. ती घागरीत डोकावली आणि आत कुणाला सांगावं तसं म्हणाली, "निगा आता. उशीर झाला."

मी सायकल जोडली, कॅरिअरला तिच्या दोन्ही घागरी बांधल्या, वर दोराचं एक वेटोळं ठेवलं. दोर कशाला घेतला ते मला सांगता येणार नाही. आम्ही दोघं चालत निघालो, मी सायकल धरून आणि ती बाजूने. पुन्हा तीच भर दुपार, तसंच ऊन. कडुनिंब दिसला आणि घागरींचं किणकिणणं थांबलं. हँडल माझ्या हातात डावीकडे वळायला लागलं. मी सवयीने आवळून धरलं.

सोनाबाई म्हणाली, "जाऊ द्या तिला. तिला ठावं हाय."

मी हात सैल सोडले. नुसतं बोट हँडलला लावून चालत राहिलो. सायकल रस्ता सोडून पायवाटेला लागली, काट्याकुट्यांतून गेली आणि कडुनिंबाच्या बुंध्याला टेकून थांबली. स्टँड लावावा लागला नाही.

विहिरीत पाणी होतं, खोल गेलेलं पण होतं. वर पालापाचोळा साचला होता. चार गावं तहानेली आणि इथे बारा वर्षं कुणी दोर सोडला नव्हता. मी दोर तिच्यापुढे केला. तिने तो घेतला नाही.

"तुमी शेंदा, मिस्त्री."

माझी आई असल्या विहिरींपासून लांब उभी राहून, कुणीतरी ओतेल म्हणून वाट बघायची. मी काठावर पाय रोवला आणि घागर सोडली. आवाज आला. डुबुक. तोच, तसाच. या वेळी दोराला वजन लागलं. मी दोन्ही घागरी भरल्या, वर घेतल्या, बांधल्या. सोनाबाईने कॅरिअरवर हात ठेवला आणि मी सायकल रस्त्यावर आणली. ती सरळ चालत होती. पुढचे दोन मैल तिने एकदाही मान वळवली नाही.

सायकल मी तिच्या दारातच ठेवून आलो. आठवड्याने कळलं की त्या विहिरीवर चार गावांचे दोर पडायला लागले आहेत. पुढे कितीतरी वर्षं ती सायकल सोनाबाईची पोरं ओव्हरऑइलला घेऊन यायची. मी दर वेळी एक्सल खोलायचो, त्यांना समोर बसवून. आत नुसतं ग्रीस असायचं.

निघताना त्या दिवशी सोनाबाईने आधी तांब्याभर पाणी दारातल्या तुळशीपाशी ओतलं, मग एक तांब्या माझ्या हातात दिला. मी उभ्यानेच प्यायलो. ती दाराकडे बघून, आत कुणाला तरी ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आलं बरं का पानी."